थंडीतले नाशिक : दोन मुक्काम, दोन पहाटा

हिवाळ्यात नाशिकला पाहुणे येणार असले की मी त्यांना आधी एकच विचारतो, "पहाटे उठायची तयारी आहे ना?" सकाळी दहानंतर नाशिक म्हणजे सिग्नल, उड्डाणपूल, दुकाने. ते कोणत्याही शहरात बघायला मिळते. इथल्या थंडीत जे बघण्यासारखे आहे ते सहा ते नऊच्या दरम्यान घडते. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हा बेत मी पहाटेभोवती बांधला आहे. शुक्रवारी रात्री पोचायचे, शनिवार-रविवार फिरायचे, रविवारी संध्याकाळी परत. हाताशी सोमवार असेल तर त्र्यंबकेश्वरचे काय करायचे तेही पुढे सांगतो.

तारीख ठरवताना

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही या, पण मला विचाराल तर जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. तोपर्यंत द्राक्षात गोडी उतरलेली असते आणि पाणपक्षीही मुक्कामाला असतात. डिसेंबरात बागेतली बरीचशी द्राक्षे अजून आंबटच असतात. तेव्हा बाजारात जी गोड मिळतात ती बहुतेक सटाणा-बागलाण भागातल्या लवकरच्या छाटणीची.

नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा शक्यतो टाळा. लॉजचे दर चढतात, त्र्यंबकच्या रांगा तासन् तास चालतात आणि गंगापूर रोडला गाडी हलत नाही. सिंहस्थाचाही विचार करा. २०२६ च्या अखेरीस कुंभमेळ्याचे ध्वजारोहण आहे आणि मुख्य पर्वण्या, म्हणजे मोठ्या स्नानाचे दिवस, २०२७ मध्ये. त्या काळात येणार असाल तर रस्ते, घाट, मुक्काम यांची चौकशी करूनच निघा.

यायचे कसे

मुंबईहून रेल्वेच बरी. वंदे भारत, तपोवन, पंचवटी या तिन्ही गाड्या नाशिककरांच्या रोजच्या वापरातल्या. शुक्रवारी कामावरून सुटून निघणार असाल तर संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस सोयीची, रात्री दहाच्या सुमारास नाशिक रोडला उतरता. परतीला रविवारी संध्याकाळी तपोवन किंवा वंदे भारत. आरक्षण मात्र आधी करा, शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळणे कठीण.

पुण्याहून एसटी किंवा स्वतःची गाडी. अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, पण मोशी-चाकणच्या कोंडीत किती वेळ जाईल ते कोणी सांगू शकत नाही. दुपारी तीनच्या आत पुणे सोडलेत तर जेवायला नाशकात असाल.

नवख्या माणसाची एक गफलत हमखास होते. नाशिक रोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नव्हे. स्टेशनपासून जुने शहर आठ-दहा किलोमीटर आहे. बाहेर पडलात की "शालिमार, शालिमार" अशी हाक ऐकू येते, त्या शेअर रिक्षा. सिटीलिंकच्या, म्हणजे शहर वाहतुकीच्या, बसही सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि पंचवटीतल्या निमाणी स्थानकाकडे जातात. रात्री उशिरा मात्र बस विरळ होतात, तेव्हा रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवून घ्या.

मुक्काम कुठे

स्वतःची गाडी नसेल तर पंचवटीत किंवा सीबीएस-शालिमारच्या आसपास उतरा. पहाटे गोदाघाटावर पायी जाता आले पाहिजे, बाकी सगळे दुय्यम. पंचवटीत धर्मशाळा आणि भक्तनिवास भरपूर आहेत, साधे पण सोयीचे. गाडी असेल आणि शांतता हवी असेल तर गंगापूर रोड. स्टेशनजवळ स्वस्त मिळते म्हणून नाशिक रोडला उतरू नका, पहाटेचा पाऊण तास प्रवासातच जाईल.

लॉजवाल्याला दोन गोष्टी आधी विचारा. गरम पाणी पहाटे पाचला येते का, आणि जादा ब्लँकेट आहे का. बऱ्याच ठिकाणी गरम पाण्याची वेळ सहा-साडेसहानंतरची असते, म्हणजे आपण बाहेर पडायच्या वेळेची.

कपडे

मुंबईकर नाशिकच्या थंडीला कमी लेखतात. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहा अंशांच्या आसपास असते, कडाका पडला की त्याच्याही खाली जाते. निफाडकडे तर पारा पाचच्या खाली उतरल्याच्या बातम्या येतात. दुपारी मात्र ऊन सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत चढते. त्यामुळे एकच जाड जर्किन आणण्यापेक्षा आत सुती, वर स्वेटर, त्यावर वाऱ्याला अडवेल असे काहीतरी, असे थर ठेवा. कानटोपी आणि पायमोजे विसरू नका. थंडी कोरडी असते, ओठ फुटतात.

पहिली पहाट : गोदाघाट

सव्वासहाला बाहेर पडा. सीबीएसकडून येणार असाल तर रविवार कारंज्यावरून खाली उतरा, तिथे चांदीच्या गणपतीला हात जोडा आणि होळकर पुलाकडे चला. पुलाच्या अलीकडे सुंदरनारायणाचे मंदिर लागते, १७५६ मधले. पुलावर दोन मिनिटे थांबा. नदीवरून धुक्याची चादर सरकत असते, तिच्यातून मंदिरांचे कळस आधी दिसतात आणि पायऱ्या नंतर.

रामकुंडावर तेव्हा स्नानाला उतरलेली माणसे असतात. गावोगावहून अस्थी घेऊन आलेली कुटुंबेही असतात. कोणी मुंडन करून कुडकुडत उभा असतो, शेजारी गुरुजींचा संकल्प चाललेला असतो. इथे कॅमेरा खिशात ठेवा. लोक दुःखातले विधी करायला आलेले असतात, त्यांचे फोटो काढणे बरे दिसत नाही. नदीचे, घाटाचे, दीपमाळांचे काढा हवे तितके.

पुढे गांधी तलावाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिककरांचे पूर मोजायचे माप हेच. पावसाळ्यात कोणी "गोदेला पाणी किती?" विचारले तर उत्तर फुटांत येत नाही, "मारुतीच्या कमरेला लागले", "छातीपर्यंत आले", असेच येते. थंडीत त्याच्या पायाशी कोरड्या दगडावर उभे राहून मान वर करा, म्हणजे ते बोलणे कशाबद्दल असते ते कळेल. जवळच नारोशंकराचे मंदिर आहे आणि त्यावर ती प्रसिद्ध घंटा. ही घंटा पोर्तुगीजांची, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या मोहिमेतून आलेली. मंदिर १७४७ चे. शिखराच्या बाजूने फिरून बघा, माकडे आणि इतर प्राण्यांचे कोरीवकाम खूप बारकाईचे आहे, घाईत ते सुटते.

रामकुंडावरून पायऱ्या चढून कपालेश्वराला जा. महादेवाचे मंदिर, पण समोर नंदी नाही. कथा अशी की ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग शंकराला नंदीने दाखवला, म्हणून इथे त्याला गुरू मानून समोर बसवले नाही.

तिथून पाच-सात मिनिटांवर काळाराम मंदिर. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेले, सगळे काळ्या दगडात. सकाळचे कोवळे ऊन आवारातल्या ओवऱ्यांवर येते तेव्हा तो दगड काळा न दिसता निळसर दिसतो. दर्शन घ्या, मग दरवाजात थोडे थांबा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दारासमोर मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही त्यात होते. तो लढा वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी याच जिल्ह्यातल्या येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पाहुण्यांबरोबर मुले असतील तर मी हे इथेच उभे राहून सांगतो. पुस्तकातली तारीख त्यांना दगडी उंबऱ्यासकट लक्षात राहते.

सीतागुंफा शेजारीच आहे. वाट अगदी अरुंद, वाकून आणि बसून सरकावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा कोंडल्यासारखे होणाऱ्यांनी आत जाऊ नये, बाहेरचे वड बघावेत.

मग मिसळ

साडेआठ-नऊला भूक लागलेली असतेच. नाशिकची मिसळ कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या मापाने मोजू नका. इथला रस्सा काळ्या मसाल्याचा, मोड आलेली मटकी किंवा मूग, वर शेव-फरसाण, बाजूला दही, लिंबू-कांदा, पाव आणि भाजलेला किंवा तळलेला पापड. बऱ्याच ठिकाणी ताटात जिलेबीही येते. पापड आधी खाऊन टाकू नका, तो रश्श्यात चुरून खायचा असतो. रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तितका वाढतात. पहिल्यांदा थोडाच घ्या, तिखटाचा अंदाज घेऊन मग पुन्हा मागा.

कुठली मिसळ चांगली यावरून इथे घराघरांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. चुलीवरची, मळ्यातल्या झाडाखाली बसून खायची असेल तर गंगापूर रोडच्या बाजूला जा. घाटावरून थेट चालत जायचे असेल तर जुन्या नाशकातले, सकाळी गर्दी असलेले कोणतेही जुने दुकान चालेल. शनिवार-रविवारी साडेनऊनंतर नंबर लावावा लागतो.

लेणी

मिसळीनंतर पांडवलेणी. मुंबई-आग्रा महामार्गावर, शहरापासून आठेक किलोमीटर. नाव पांडवांचे असले तरी ही बौद्ध लेणी आहेत, एकूण चोवीस, त्रिरश्मी डोंगरात कोरलेली. पायथ्यापासून पायऱ्यांनी वीस मिनिटांत वर पोचता. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला असल्याने थंडीत दहा-अकरालाही सावलीच असते. स्वेटर गाडीत ठेवून जाऊ नका.

वेळ कमी असेल तर तीनच बघा, पण नीट बघा. तिसरे, दहावे आणि अठरावे. अठरावे म्हणजे चैत्यगृह, भिक्षूंचे प्रार्थनागृह, आत स्तूप. तिसऱ्याच्या ओसरीखाली बघा, दगडी गण सगळ्या लेण्याचा भार खांद्यावर घेऊन जमिनीतून वर आल्यासारखे कोरले आहेत. याच लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, तिने केलेले ते वर्णन आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे ती म्हणते. मुलगा गेल्यावर, नातवाच्या राज्यात, आईने दगडावर लिहवून घेतलेला हा मजकूर आहे. मला तो दर वेळी हलवतो.

दहावे लेणे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे. तिथल्या लेखात चक्क ठेवीचा हिशेब आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, दोन हजार महिना एक टक्क्याने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. गोवर्धन नावाचे गाव आजही गंगापूर रोडच्या पुढे आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी याच खोऱ्यात विणकरांच्या संस्था ठेवी घेत होत्या आणि व्याज देत होत्या.

पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळक्यांचा जन्म त्र्यंबकचा, ३० एप्रिल १८७०. वेळ असेल तरच जा.

शनिवारची दुपार आणि संध्याकाळ

दुपारी झोप काढा. खरेच सांगतो, दुसऱ्या दिवशी पाचला उठायचे आहे.

चारनंतर गंगापूर धरणाकडे. बॅकवॉटरवर सूर्यास्त सुरेख दिसतो, वारा बोचरा असतो. याच बाजूला द्राक्षमळे आणि वायनरी आहेत. सुला ही त्यातली सर्वांना माहीत असलेली. वाईनसाठीच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, तेव्हा गेलात तर टाक्या, पिंपे, रस काढण्याचे काम प्रत्यक्ष बघायला मिळते. चव घेणार असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा आणि परत यायला गाडी ठरवून घ्या. तो रस्ता रात्री अंधारा आणि वळणांचा आहे. न पिणाऱ्यांनाही फेरी आवडते, संकोच नको.

यात रस नसेल तर संध्याकाळी पुन्हा रामकुंडावर जा, गोदेची आरती असते. सकाळचा तोच घाट दिव्यांत वेगळा दिसतो.

दुसरी पहाट : नांदूरमध्यमेश्वर

माझ्या मते नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य हा थंडीतल्या नाशिकचा सगळ्यात मोठा ठेवा आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच वेळ चुकवतात.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून मामांचे कुटुंब आले होते. भाड्याची गाडी साडेपाचला सांगितली, ती साडेआठला आली. आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. ऊन वर आलेले, पाण्यावर चकाकी, पक्षी लांब मध्यभागी सरकलेले. मामेभावाची मुलगी दुर्बिणीतून बघून म्हणाली, "नुसते ठिपके आहेत." तिला काय दाखवायचे होते आणि काय दिसले, याची मला अजून चुटपुट आहे. तेव्हापासून मी गाडी आदल्या रात्रीच मुक्कामाजवळ उभी करायला सांगतो. तुम्हीही तेच करा.

नाशिकपासून अंतर चाळीसेक किलोमीटर. सायखेड्यावरून चापडगावला जा, निरीक्षण मनोरे तिथे आहेत. पाचला निघालात तर उजाडताना पोचता. धुके दाट असते, गाडी सावकाश चालवा. उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ त्यात साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या, बेटे तयार झाली. शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यातून असे पक्ष्यांचे घर उभे राहिले. हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तसा दर्जा मिळाल्याचे २०२० च्या जानेवारीत जाहीर झाले.

चापडगावला स्थानिक गाइड असतात, त्यांच्याकडे दुर्बीण आणि मोठा स्पॉटिंग स्कोपही असतो. गाइड नक्की घ्या. गावातल्याच तरुणांना त्यातून रोजगार मिळतो आणि तुम्हाला एकट्याने जे दिसणार नाही ते दिसते. मागच्या जानेवारीत आमच्या गाइडने स्कोप एका काळ्या पक्ष्यावर लावला आणि म्हणाला, "हा वारकरी." काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि सगळे थव्याने एका दिशेने चाललेले. नाव का पडले ते विचारावे लागले नाही. त्यानंतर चक्रवाक, तलवार बदक, चोच फावड्यासारखी असलेला थापट्या, चमचा, जांभळी पाणकोंबडी, सगळे तासाभरात. मग धुक्यात कुठेतरी कर्ण्यासारखा आवाज झाला आणि क्रौंचांचा थवा डोक्यावरून गेला. लांबलेल्या माना, मागे ताणलेले पाय. मनोऱ्यावर दहा-बारा माणसे होती, कोणी बोलले नाही.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतीलच असे नाही. त्यांच्यासाठीच येऊ नका. भडक कपडे नकोत, मोबाइलचा आवाज बंद, मुलांना आधी सांगून ठेवा. खायला डबा बरोबर न्या, कागद-पिशव्या परत आणा. साडेनऊपर्यंत परत फिरा.

परतताना निफाडच्या बाजूने आलात तर दोन्ही हातांना द्राक्षबागा. कडाक्याच्या रात्री शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून जागत असतात. थंडीने मण्यांची फुगवण थांबते, पक्व मणी तडकतात, वर्षाचे कष्ट दोन रात्रींत जातात. म्हणून बागेत विचारल्याशिवाय पाय ठेवू नका आणि घड तोडू नका. त्यावर फवारणीही झालेली असते. रस्त्याकडेला शेतकरी स्वतः विकायला बसतात, त्यांच्याकडून घ्या, चाखून घ्या, घरी नेऊन मिठाच्या पाण्यात धुऊन खा.

रविवारी दुपारी, परतीच्या वाटेने

पुण्याला जाणाऱ्यांनी नाशकात परत न येता सिन्नर गाठावे, सामान सकाळीच गाडीत टाकावे. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यादवकालीन. मधे महादेव, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती अशी पंचायतन रचना. त्र्यंबकच्या गर्दीच्या तुलनेत इथे निवांतपणा आहे, एक एक मूर्ती डोळे भरून बघता येते.

मुंबईकरांनी नाशकात परतून जुन्या बाजारात फिरावे. सराफ बाजार, भांडी बाजार, तांबटांची दुकाने. तांब्याचा लोटा किंवा पितळी समई घ्यायची असेल तर वजनावर भाव असतो. भाव आणि घडणावळ वेगवेगळी विचारून घ्या. चिवडा कोंडाजीचा की मकाजीचा, हाही वादाचा विषय, दोन्हीचे पाव-पाव किलो घ्या. जिलेबी बुधा हलवायाची, गरम असताना तिथेच खा. बुधवारी नाशकात असाल तर गोदाघाटावरचा आठवडे बाजार बघा.

सोमवार हाताशी असेल तर

त्र्यंबकेश्वर अठ्ठावीस-तीस किलोमीटर, बस सतत असतात. पण सोमवार हा महादेवाचा वार, म्हणजे गर्दीचा. जायचेच तर पहाटे पाचला रांगेत लागा, किंवा बेत सरकवून मंगळवारी जा. दर्शनानंतर कुशावर्त आणि निवृत्तिनाथांची समाधी चुकवू नका. गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर आहे, चढायला दोन-अडीच तास धरा, पाणी बरोबर ठेवा.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्या आठवड्यात नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर दिंड्या दिसतात. ऐन थंडीत, डोक्यावर तुळस, अंगावर शाल, पहाटेपासून टाळ वाजत असतो. त्या दिवसांत गाडीने जाणे सोयीचे नाही, पण चार किलोमीटर दिंडीबरोबर चाललात तर कोणी तरी हातात गरम चहाचा कप ठेवतेच.

परतीच्या गाडीसाठी सीबीएसवरून नाशिक रोडला निदान सव्वा तास आधी निघा. रविवारी संध्याकाळी द्वारका चौकात हमखास अडकायला होते. द्राक्षांची पेटी असेल तर ती सीटखाली न ठेवता मांडीवर किंवा वरच्या फळीवर ठेवा.